देठं, डोळे आणि शेंडे: रत्नागिरीच्या गच्चीवरचं एक वर्ष

भाजीचे देठ पाण्यात ठेवा आणि आठवड्यात नवी भाजी कापा, असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्यांत सेलरी असते, लेट्यूस असतं आणि खिडकीत दिवसभर कोवळं ऊन असतं. आमच्या रत्नागिरीच्या बाजारात सेलरी कुणी मागत नाही, आणि कोवळं ऊन सकाळी नऊलाच संपतं. जानेवारी २०२५ पासून वर्षभर मी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि मग सोसायटीच्या गच्चीवर जे केलं, ते जसं झालं तसं लिहितेय. किनाऱ्यावर, दमट हवेत, फ्लॅटमध्ये राहून कुणाला हे करायचं असेल तर निदान कशाला किती दिवस लागतात आणि कुठे कुठे कागद लागतात याचा अंदाज येईल.

सुरुवात पातीच्या कांद्याने केली, कारण तो हमखास येतो. पात चिरून झाली की मुळांकडचा दोन बोटं भाग राखायचा आणि पेल्यात उभा करायचा. पाणी फक्त मुळं बुडतील एवढंच. दुसऱ्या दिवशी कापल्या जागी मधला कोंब वर सरकलेला दिसतो, नखाएवढा, बाहेरच्या पापुद्र्यांपेक्षा फिकट. आठवडाभरात वीतभर पात होते. इथवर व्हिडिओ खरे आहेत. पुढचं ते दाखवत नाहीत. दुसऱ्या वेळची पात पहिलीपेक्षा बारीक येते, तिसऱ्या वेळची नुसती दोरा. नळाच्या पाण्यात रोपाला खायला काही नसतं, कांदा आपल्यातलं साठवलेलं वापरतो आणि ते संपलं की थांबतो. त्यातून आपल्याकडची हवा अशी, की पाणी रोज बदललं नाही तर ते बुळबुळीत होऊन वास मारायला लागतं आणि घरातली माणसं ओट्याखाली काय मेलंय ते शोधायला लागतात. तेव्हा पाणी फक्त मुळं फुटेपर्यंत. पांढरी मुळं बोटभर झाली की मातीत.

गाजर, बीट यांचे शेंडे बशीत ठेवले तर वर पाला छान येतो, पण खाली गाजर परत येत नाही, कधीच नाही. बिटाचा कोवळा पाला भाजीत घालता येतो, एवढाच फायदा. मुळ्याचा शेंडा मात्र लावण्यासारखा आहे. मुळा पुन्हा भरत नाही, पण रोप फुलावर येतं आणि त्याला डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतात. डिंगरीची भाजी आवडणाऱ्यांनी थंडीत दोन-चार शेंडे जरूर लावावेत.

फेब्रुवारीपर्यंत माझी खिडकी भरली. पुदिन्याच्या काड्यांना पाण्यात आठ-दहा दिवसांत मुळं आली. मायाळूच्या जाड देठांना त्याहून लवकर. गवती चहाची जुडी घेताना खालचा पांढरा, घट्ट भाग शाबूत असलेल्या काड्या बघून घेतल्या. त्यांना मुळं फुटायला दोन-तीन आठवडे गेले, पण एकदा धरल्यावर त्यांचं काही बघावं लागलं नाही. लाल माठ आमच्याकडे मुळासकट मिळतो, त्याची खालची चार बोटं कांडी लावली की बाजूने फुटवे येतात. कोथिंबीर मुळासकट लावून काही हाती लागलं नाही. ती एका सोटमुळावर उभी असते, उपटताना ते तुटतं. त्यापेक्षा डब्यातले धणे चपलेखाली रगडून दोन फाकळ्या करून पेरलेले बरे. आणि कढीपत्त्याच्या काड्या पाण्यात ठेवून वाट बघू नका. मोठ्या झाडाच्या मुळावरून फुटलेलं पिल्लू कुणाकडून तरी मागून आणा. कोकणात कढीपत्त्याचं पिल्लू द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

माझा खरा जीव आलं आणि हळदीत अडकला होता. संक्रांतीच्या सुमारास लोणच्यासाठी ओली हळद घेतली होती, तिची डोळे असलेली बोटं सासूबाईंनी फेकू दिली नाहीत. कोरड्या वाळूत घालून, डबा फळीखाली ढकलून म्हणाल्या, "अगो, आत्ता लावू नको, कुजेल नाहीतर सुकेल. अक्षय्य तृतीयेला काढ." पण खिडकीत हळद मावत नाही. गच्ची हवी होती.

आता गच्चीचं प्रकरण. आमची चार मजल्यांची सोसायटी, गच्ची सगळ्यांची. आजवर तिथे पापड-कुरडया, गोधड्या आणि टाकी साफ करणारा माणूस यांनाच प्रवेश होता. मी १० मार्चला सेक्रेटरीकाकांकडे साधा अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-सही घेतली. ही पोच नक्की घ्या. तोंडी "हो हो, ठेव की" यावर जाऊ नका, कारण हो म्हणणारे काका वेगळे आणि पावसाळ्यात गळती लागल्यावर जाब विचारणारे काका वेगळे असतात. अर्जात मी कुंड्यांची जागा, साधारण संख्या, पाणी कुठून घेणार आणि कचऱ्याचं काय करणार एवढंच लिहिलं होतं.

मार्च अखेरमुळे कमिटीने विषय पुढे ढकलला. गुढीपाडवा गेला. एप्रिलच्या पहिल्या बैठकीत मला बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींची हरकत होती, की ओल मुरून त्यांच्या बेडरूमच्या छताला पोपडे येतील. हरकत रास्त होती, त्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे, माझ्या नाही. एका सभासदाने वजनाचा मुद्दा काढला. तोही खरा: ओली माती कोरड्या मातीपेक्षा कितीतरी जड, आणि आमच्याकडे ती चार महिने ओलीच असते. तिसऱ्याने डास काढले, चौथ्याने मांजरं. शेवटी ठरलं ते असं: कुंड्या थेट लादीवर नकोत, विटांवर ठेवायच्या, फक्त बीमच्या रेषेत, कठड्यावर एकही नको, पन्हळीच्या तोंडाला जाळी बसवायची, टाकीतल्या पाण्याला नळी लावायची नाही, आणि "कायमस्वरूपी झाड" लावायचं नाही. मुदत अकरा महिने. वर हमीपत्र, की वॉटरप्रूफिंगला नुकसान झालं तर दुरुस्ती माझ्या खर्चाने.

हमीपत्र स्टॅम्प पेपरवर हवं असं एकाचं म्हणणं पडलं. त्यांच्या डोक्यात जुना १०० रुपयांचा कागद होता. ऑक्टोबर २०२४ पासून अशा कागदांना ५०० रुपये लागतात हे मी सांगितल्यावर बैठकीत थोडी शांतता झाली आणि आल्याच्या कुंडीसाठी ५०० रुपये जास्त आहेत यावर पहिल्यांदाच एकमत झालं. साध्या कागदावर, दोन सभासदांच्या साक्षीने भागलं. १९ एप्रिलला परवानगीचं पत्र हातात आलं. तुम्ही अर्ज करणार असाल तर मेच्या लागवडीसाठी फेब्रुवारीतच करा, आणि वरच्या मजल्यावरच्या घरी अर्जाआधी जाऊन या. मी बैठकीनंतर गेले. आधी गेले असते तर पंधरा दिवस वाचले असते, असं त्या वहिनीच म्हणाल्या.

कुंड्या विकत घेतल्या नाहीत. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचे थर्माकोलचे खोके असतात, कोपरा तुटला की ते टाकून देतात. वीस-वीस रुपयांना मिळाले. हलके, खोल, आणि उन्हात आतली माती तापत नाही. घरी आणल्यावर दोन-तीन दिवस गोड्या पाण्याने भरून ओतत राहायचं, कारण मीठ राहिलं तर पानांच्या कडा करपतात. वास जायला त्याहून जास्त दिवस लागतात आणि तोवर मांजरांचा मुद्दा काढणारे सभासद बरोबर ठरतात. तळाला भोकं पाडतोच, पण तळापासून दोन बोटं वर चारही बाजूंनीही पाडायची. ती का, ते पुढे येईलच.

माती गावाहून आणली, लांज्याजवळून. आपली जांभ्याची लाल माती नुसती वापरली तर उन्हात दगड होते आणि पावसात चिखल. म्हणून एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग नारळाची सोडणं बारीक तोडून त्यात पातेरा, म्हणजे झाडांचा सुका पाला. सोडणांमुळे वजनही कमी झालं, हे मी कमिटीला नंतर कळवलं. सगळ्या खर्चाचा हिशेब: खोके ३०० रुपये, शेणखताच्या गोणी २४०, टेम्पोत जागा दिली त्याचे ३००, विटा गावच्या, हिरवी जाळी आणि बांबू ६५०, पन्हळीची जाळी ८०, ट्रायकोडर्माची (कंद कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) पुडी १६०. म्हणजे सतराशेच्या वर. आल्याचा भाव काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पैसे वाचवायला कुणी यात पडू नये.

३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, वाळूतला डबा उघडला. हळदीच्या डोळ्यांना पिवळसर टोकं आली होती. आल्यासाठी बाजारातलं धुऊन चकचकीत केलेलं घेतलं नाही, गावठी, मातीचं, डोळे फुगलेलं बघून घेतलं. दोन डोळे राहतील असे तुकडे केले, कापलेल्या बाजूंना चुलीतली राख लावली आणि दोन दिवस सावलीत ठेवले. जखम सुकली की लावायचं. ओली लावली तर जमिनीतली बुरशी तिथूनच आत शिरते. चार बोटं माती वर येईल इतकं खोल, डोळे वरच्या अंगाला, आणि वर पातेऱ्याचं जाड पांघरूण. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात माडांच्या सावलीत मसाल्याची झाडं वाढवतात ती पाहिली होती. आल्याला आणि हळदीलाही अर्धी सावली मानवते, म्हणून त्यांना जाळीखाली जागा. उघड्यावर अळकुड्या, म्हणजे अळूचे कंद, आणि अननसाचा शेंडा. अननसाचा शेंडा पिरगाळून काढायचा, खालची पानं ओरबाडून बुंधा उघडा करायचा आणि आठवडाभर उलटा टांगून सुकवायचा. त्यावर चिकटलेला गर राहिला तर मुंग्या आणि कूज दोन्ही येतात.

मेमध्ये पाणी जपून वापरावं लागतं आणि टाकीला नळी लावायची नव्हती. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून संध्याकाळी वर नेत होते. मासे धुतलेलं पाणी फक्त गवती चहाला, तेही मांजर नसताना.

मग पाऊस आला, तोही वेळेच्या आधी. त्या वर्षी मेच्या विशीतच कोकणात धो धो सुरू झालं आणि २५ मे रोजी मान्सून महाराष्ट्रात दाखल झाल्याची घोषणा झाली. एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. आल्याचे कोंब नुकते मातीवर आले होते, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी निम्मी व्हायची होती, आणि गच्चीवर गुडघ्याएवढे पाण्याचे फवारे उडत होते. पहिल्या तीन दिवसांत वर जाताच आलं नाही. गेले तेव्हा ज्या खोक्यांना बाजूने भोकं होती ते ठीक होते. ज्यांची तळाची भोकं मातीने बुजली आणि बाजूची अजून पाडायची होती, त्यांत पाणी तुंबलं होतं.

कंदकूज दिसते कशी ते सांगते, कारण लवकर ओळखली तर शेजारचं रोप वाचतं. पानाचं टोक आधी पिवळं पडतं, मग कडा. बुंध्याशी खोड पाणी भरल्यासारखं मऊ होतं. हलकेच ओढलं तर सुळ्ळकन हातात येतं आणि खालच्या टोकाला सडक्या बटाट्याचा वास येतो. निरोगी आलं ओढून येत नाही, ते भांडतं. असे कंद मातीसकट काढून टाकले (गच्चीवरच्या खतात नाही, घंटागाडीत). बाकीच्यांत ट्रायकोडर्मा शेणखतात कालवून घातलं आणि सगळ्या खोक्यांना बाजूची भोकं पाडली. लावलेल्यातलं निम्मं आलं गेलं. हळदीला काही झालं नाही. हळद आल्यापेक्षा सोशिक आहे, पहिल्या वर्षी एकच लावायचं असेल तर हळद लावा.

जून-जुलैत गोगलगाई. त्या मोठ्या, शंखवाल्या, चौथ्या मजल्यावर कशा चढतात हा प्रश्न मला अजून पडतो. बहुधा मातीतून अंडीच आली असावीत. ओलं गोणपाट पसरून त्यावर कोबीची बाहेरची पानं टाकायची, रात्री दहाला बॅटरी घेऊन जायचं आणि चिमट्याने उचलायच्या. मीठ टाकू नका. गोगलगाय मरते, पण मीठ मातीत राहतं. पुदिना त्यांनी जवळजवळ संपवला होता, मायाळूला मात्र शिवल्या नाहीत.

आषाढी एकादशीला, ६ जुलैला, आणलेल्या रताळ्यांतलं एक मोड आलेलं निघालं. ते ओल्या मातीत आडवं ठेवलं. दोन आठवड्यांत त्यावर कोंबांची झुंबड झाली; वीतभर झाल्यावर एकेक खुडून वेगळा लावला. आख्खं रताळं पुरू नका, खुडलेले कोंब लावा, त्यांनाच पुढे नीट रताळी धरतात. पाल्याचीही भाजी होते, माठासारखी परतून.

२९ जुलैला नागपंचमी होती. हळदीची पानं तोवर हातभर लांब झाली होती. प्रत्येक रोपाचं खालचं एकच पान काढलं, कारण पान म्हणजे कंदाचं जेवण. ओलं पान धुताना त्याला नुसता पाण्याचा वास येतो. त्या पानांत गुंडाळलेल्या गोड पातोळ्या वाफेवर ठेवल्या, झाकणाखालून पहिली वाफ सुटली, की तो वास जिन्यात गेला. वरच्या वहिनींना डबा दिला. छताबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे कोरडं असावं.

२८ ऑगस्टला ऋषिपंचमी, गणपतीचा दुसरा दिवस. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी. अळू, लाल माठ आणि मायाळू माझ्या खोक्यांतले होते. भेंडी, पडवळ, सुरण, मका बाजारातून. अळूबद्दल एक सावधगिरी: बाजारात खायच्या अळकुड्या येतात त्यांची पानं सगळीच वडीच्या लायकीची नसतात. काही घसा धरतात. पहिल्यांदा एकच पान आमसूल किंवा चिंच घालून शिजवून बघा. काळ्या देठाचं वडीचं अळू हवं असेल तर ते कुणाच्या तरी परसातून गड्ड्यासकट आणावं लागतं.

सप्टेंबर सरता सरता टोमॅटो आणि मिरची पेरली, मऊ पडलेल्या टोमॅटोच्या बिया आणि मसाल्यासाठी फोडलेल्या सुक्या मिरच्यांच्या बिया. त्याआधी पावसात पेरण्यात अर्थ नाही, बुरशी टिकू देत नाही. बाजारातला टोमॅटो बहुतेक संकरित असतो, त्यामुळे त्याच्या बीचं फळ तसंच येईल असं नाही. माझे लहान आणि आंबट आले, सारासाठी उत्तम. मिरचीवर बोकड्या आला, पानं आकसून वाटीसारखी झाली, चार-पाच मिरच्यांवर ती रोपं काढली. बटाट्याच्या वाटेला गेलेच नाही. त्याला पोसायला थंड रात्री लागतात, त्या किनाऱ्यावर कुठून आणणार? हिरवे पडलेले, मोड आलेले बटाटे खाऊही नयेत, तेव्हा ते सरळ खतात.

आंब्याच्या कोयींचं लोक विचारतात म्हणून थोडक्यात. हापूसची कोय रुजते, पण झाड हापूसचं होईलच असं नाही. मेमधल्या कोयी मी रुजत घालून गावी पाठवल्या. कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधून कोय कलम करतात, त्यासाठी त्या उपयोगी पडतात. गच्चीवर आंबा नको. अटही तशीच आहे.

डिसेंबरच्या शेवटी आल्याचा पाला पिवळा पडून आडवा झाला. पाणी तोडलं आणि तीन आठवड्यांनी, जानेवारीच्या मध्यावर, खोके ताडपत्रीवर उपडे केले. पाव किलोच्या आसपास लावलं होतं, निम्मं कुजलं होतं, उरलेल्यातून किलोला थोडं कमी निघालं. हळद दोन किलोंवर. रताळी आधीच, नोव्हेंबरअखेर खाऊन झाली होती. आल्यातले टपोरे, डोळेवाले गड्डे बियाण्यासाठी वेगळे काढून पुन्हा वाळूच्या डब्यात घातलेत. हे पहिल्या दिवशीच करा. एकदा आलं फ्रिजशेजारच्या टोपलीत गेलं की चहात जातं.

परवानगीची मुदत १९ मार्च २०२६ ला संपते. नूतनीकरणाचा अर्ज मी जानेवारीअखेरच दिला, पोच घेतली, सोबत विटांचे, पन्हळीच्या जाळीचे आणि वहिनींच्या कोरड्या छताचे फोटो जोडले. वहिनींनी "हरकत नाही" असं स्वतःहून लिहून दिलं. कमिटीने एकच शंका काढली आहे. अननसाचा शेंडा आता फुटाहून उंच झालाय, फळ धरायला अजून वर्षभर तरी लागेल. तेव्हा तो "कायमस्वरूपी झाड" या अटीत बसतो का? फळ दिल्यावर ते मूळ रोप संपतं आणि बाजूची पिल्लं उरतात, असं मी लेखी कळवलंय. विषय फेब्रुवारीच्या बैठकीत आहे.